एकवचनी बिंदू

मी, जयराम पुंजा गांगुर्डे, वय सव्वीस, राहणार सातपूर, नाशिक. माझं डोकं ठिकाणावर आहे, दबाव कुणाचा नाही. बिघडली आहे ती काळजाची झडप. ती उद्या उघडणार आहेत, म्हणून आजच लिहून ठेवतो.

वडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा बहीण रोशनी हिला. उरलेला अर्धा तिचाच आहे. खंडेरावकाका तिथे राहतात, राहू द्यावं. मालकी मात्र सांगू नये.

पोस्टातली शिल्लक रोशनीच्या मेससाठी, ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकते.

अंबडच्या पंपाच्या कारखान्यातली पान्ह्यांची पिशवी तिथला माझा दोस्त हिरामण याला. कारखाना मी सोडला, त्याआधी लासलगावला कांदा भरला, तोही सोडला. असो. हिरामणला वस्तू मिळते, म्हणून तो साक्षीदार नाही.

कॉलेजच्या गणिताच्या सरांना काहीही नाही. त्यांनी ‘सिंग्युलर पॉइंट’ म्हणजे काय विचारलं, मी म्हणालो, एकवचनी बिंदू. सर म्हणाले, “वा, व्याकरणाचार्य! मग अनेकवचनी कुठे राहतात, त्र्यंबकला?” वर्ग हसला. मी उठलो तो परत गेलो नाही. त्यांनी समजावलं नाही, हसवलं. हे मी माफ केलेलं नाही.

समजावलं रोशनीने, मोरीतल्या नळीवर. नळीतल्या प्रवाहाचं समीकरण बरोबर मध्यावर शून्याने भागायला लागतं, तोच तो सिंग्युलर पॉइंट. तिथे उत्तरं दोन निघतात, त्यातलं एक अनंताला जातं. “दाद्या, मधे पाणी वाहतंय ना? मग ते अनंतवालं फेकून दे!” सहा वर्षांचा राग, अन् गोष्ट एवढीशी.

येत्या शनिवारी तिचा फ्लुइड मेकॅनिक्सचा शेवटचा पेपर आहे. काकांनी बजावलंय, “एक पेपर बुडू दे, पोरीला आणून उजवून टाकतो.” घरात मोठे तेच. तिला मी ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे असं सांगितलंय.

तेव्हा मी टेबलावरून उठलो नाही, तर पेपर सुटेपर्यंत तिला कळवायचं नाही. देह तिच्यासाठी ठेवायचा नाही. अग्नी हिरामणने द्यावा. काका ओरडतील, “सख्खी बहीण अजून आली नाय, कसली घाई लागली रे?” ओरडू द्यावं. मधेच तिचा फोन आला, तर हिरामणने सांगावं, जयराम न सांगता कुठंतरी निघून गेलाय. ती शिव्या घालील आणि अभ्यासाला बसेल.

हे मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि दोघांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: जयराम पुंजा गांगुर्डे
साक्षीदार: रावजी बहिरू पवार, शेजारी
साक्षीदार: कुसाबाई महाले, खानावळवाल्या
नाशिक, १६ एप्रिल २००२