तुझा आवाज परत आला तेव्हा

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली, तरी पंच्याहत्तर सालाच्या आगेमागेचं ते एक जेवण आठवलं की माझा हात आजही ताटातच थांबतो. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तू दिवसभर चुलीपाशी बसून असायचीस. तोंड सुजलेलं, केस विरळ झालेले, आवाज घोगरा, आणि वैशाखातही अंगावर गोधडी. काही विचारलं तर नुसती पाहायचीस. "बाई गेली कामातून," असं गाव म्हणे. शाळा सोडून भाकरी मीच थापायचे. बाबांनी स्वतःसाठी रिठद गावची एक मुलगी पाहिली. मध्यस्थाशी लग्नाची बोलणी आपल्याच घरात, तुझ्यासमोर झाली, भिंतीपुढे बोलावं तशी.

मग तुझे पाय फारच सुजले म्हणून बाबा तुला मंगरूळच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी तुझा आवाज ऐकला, गळा चाचपला, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण खाली यायला त्याला वेळ लागला. "ह्या वेड्या नाहीत," त्या म्हणाल्या. "गळ्यातली एक गाठ रस बनवते, तो आटलाय. त्याच्यावाचून डोकंही थंडावतं. तोच रस आता कारखान्यात बनतो. रोज सकाळी गोळी घ्यायची, जन्मभर."

बाबा हसले. "कारखान्यातल्या गोळीनं अक्कल वापस येते काय, बाई?"

आली. आधी गोधडी सुटली, मग सूज उतरली. दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी बाबांना वाढत होते, आणि मागून तुझा जुना, स्वच्छ आवाज आला. "मंग, लगनाची तारीख कवाची धरली?"

बाबांच्या हातातला घास गळून पडला. "तुले... तुले कसं मालूम?"

"मी इथंच तं बसून होती. समदं आयकू येत होतं. बोलावं वाटे, पन शब्दच सापडे ना." तू रडली नाहीस. "उद्या रिठदले जाऊ. ते पोरगी वाट पाहून राह्यली असन. तिच्या बापाले तुमीच सांगा, माह्यासमोर."

आपण तिघं गेलो. ओसरीवर तिचा बाप बाबांवर ओरडत होता, आणि ती, असेल विशीची, आत तुझ्याकडे बघत थिजून उभी. "मले तं सांगतलं होतं," ती म्हणाली, "पयली वारली म्हनून."

तू उंबऱ्यातून बाबांकडे पाहिलंस. एकदाच. त्यानंतर सगळा संसार केलास, पण त्या शब्दाबद्दल त्यांना कधी काही विचारलं नाहीस.

परतीच्या एसटीत मी हुंदके देत होते. "माय भेटली म्हनून रडून राह्यली पोर," तू शेजारच्या बाईला सांगितलंस. हे पत्र मी कुठं टाकणार? पण एवढं सांगून टाकते. बाहेर भांडण चाललं असताना त्या मुलीनं मला जवळ बसवून माझी वेणी घालून दिली होती. कित्येक दिवसांत माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. मी तिच्यासाठीही रडत होते, माय.