विश्वाचं दार कुठे कापायचं?

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार (जागा अडचणीची आहे, म्हणून उभ्यानेच). तुझी तब्येत बरी असेल. आईचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं नि तुझं भांडण कशावरून झालं ते दोघंही विसरलात, आणि ते सुरू कुणी केलं यावरून तू बॅग भरून आईकडे गेलीस, त्याला महिना होईल. पण तो विषय मी काढणार नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र झरोक्यातून सुताराच्या हाती देतो आहे. झरोक्यातून का, ते ऐक.

आमच्या विज्ञान संग्रहालयात 'विश्व कसं झालं' हे दालन उद्या उघडायचं आहे. आखणी भाऊजींकडे; चित्रं, पाट्या, टांगायचे थर्माकोलचे ग्रह, सगळी हमाली माझी. भाऊजींचं मत तुला तोंडपाठ असेल: एका क्षणी महास्फोट झाला, तिथून विश्व पसरत सुटलं, ते पसरतच राहणार. त्यांच्या जोडीला नेमलेले चष्मेवाले सर म्हणतात, छे! विश्व पसरतं, आक्रसून संपतं, पुन्हा पसरतं. शेवट कितीतरी झाले, पहिला आरंभ असा नाहीच. (विश्व झालं तेव्हा या दोघांना विचारलं नाही, म्हणून तर ते झालं!) मी आपला एकच भिंत रंगवतो आहे. सकाळी एकाचा स्फोट काढायचा, दुपारी दुसऱ्याच्या देखत पुसायचा.

आज तर कहर झाला. भाऊजींनी सुताराला सांगितलं, विश्वाला शेवट नाही, तेव्हा बाहेर पडायचं दार बंद कर, लोक आले तसे परत जातील. चष्मेवाल्यांनी त्यालाच सांगितलं, विश्वाला आरंभ नाही, आत शिरायचं दार बुजव. दोघेही साहेब, सुताराने दोघांचा मान राखला. प्लायवूड ठोकलं तेव्हा आम्ही तिघे आतच. मी शिडीवर शनीची कडी चिकटवत होतो. ठोकाठोक ऐकू आली, पण मला वाटलं, दोघांपैकी कुणीतरी टेबलावर मूठ आपटतोय.

आता सुतार बाहेर स्टुलावर बसला आहे. म्हणतो, दोघांनी मिळून एक जागा सांगा, लगेच दार कापतो, नाहीतर उद्या माझ्याच नावाने ओरडाल. त्याचं काय चुकलं? भाऊजी म्हणतात आरंभाला काप, सर म्हणतात शेवटाला काप, आणि मी मधल्यामध्ये उपाशी. डोकं उठलं आहे माझं. आईला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं सांगू? भाऊजींना बाहेर पडायची घाईच नाही. रिकाम्या घराचं कुलूप काढवत नाही, असं मघाशी बोलून गेले. तू घरी ये. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २. भाऊजींनी पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. महिनाभर तुझ्यावर ढकलत होते, आता म्हणतात, लिही, सुरुवात माझीच होती.

ता. क. ३. सरांनीही वाचलं. ते म्हणतात, सुरुवात वगैरे काही नसते, आज मिटलं तरी भांडण पुन्हा होणारच. भाऊजी वाद सोडून पाकीट शोधायला लागले. होईल गं पुन्हा. तरी ये.