मामा प्लाझा बघायला आला

९ जानेवारी
संध्याकाळी प्लाझा मॉलमध्ये. नेहमीप्रमाणे हे बागेत फेरी मारायला, मी कारंज्यासमोरच्या बाकावर. आज गार्डांनी फुगेवाल्याला मारलं. कॉलर धरून पायऱ्यांवरून खाली ओढत नेला. ओठ फाटला त्याचा, फुगे पटापटा फुटले, लोक दचकले आणि परत आइस्क्रीम खायला लागले. लांब उभं राहून शिट्टी कोण फुंकत होतं? आमचे चिरंजीव, संतोष! सिक्युरिटी इनचार्ज.

घरी विचारलं. "आई, रूल आहे. एकाला सोडलं की दहा येतात."

हे म्हणाले, "ड्यूटी आहे त्याची, तू मधे पडू नको." सुभेदार होऊन रिटायर झाले तरी ड्यूटी काही सुटत नाही ह्यांची. मी भाजीत मीठ जास्त टाकलं. खा म्हटलं.

११ जाने.
बिरूचा फोन. कवठेमहांकाळहून निघून मेंढरं सांगलीपर्यंत आली, नदीकडच्या तोडलेल्या उसाच्या रानात बसवलीत.

"आक्का, भाच्याचं लगीन जवळ आलंय. त्याच्या आधी मला त्यो प्लाझा बघायचाय. सगळ्यास्नी सांगितलंय म्या, माझ्या भाच्याच्या ताब्यात हाय म्हणून."

ये की, म्हटलं. पाठचा एकच भाऊ माझा. लग्नात संतोषच्या मागे मामा म्हणून उभा राहणार तो हाच. दुसरा आणायचा कुठून?

संतोषला सांगितलं, मामा येणार आहे. मोबाइलमधून मान वर न काढता, "कपडे बरे घालून यायला सांग." एक थोबाडीत द्यावीशी वाटली. हे काश्मीरला होते तेव्हा ह्याला तीन वर्षं बिरूनेच खांद्यावर घेऊन फिरवलाय. मेंढीचं दूध पिऊन वाढलाय हा.

१५ जाने.
 लिहिल्याशिवाय झोप नाही यायची.

प्लाझात आज दागिन्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. फुलांच्या कमानी, रेड कार्पेट, कोण कोण पाहुणे. संतोष कडक इस्त्रीत. मी बाकावर, हे बागेत. तेवढ्यात बागेच्या बाजूने मेंढरांची बें बें. बघते तर बिरू. नवा पांढरा पटका, खांद्यावर नवी घोंगडी आणि मागे सगळा कळप!

सखू, माझी भावजय, तापाने पडलीय. मेंढरं कुणाच्या हवाली करणार? कळप उघड्यावर टाकून आमच्यात कुणी जात नाही, बाप मेला तरी नाही. आणि भाच्याच्याच जागेत जायचंय तर अडवतंय कोण, ही त्याची समजूत. गेटवरच्या गार्डालाही तेच सांगून आत आला म्हणे.

गुळगुळीत फरशीवर मेंढरं घसरायला लागली. पाणी दिसलं तशी निम्मी कारंज्यात. काहींनी कमानीची फुलं ओढली. लोक खो खो हसत होते, सगळ्यांचे मोबाइल कारंज्याकडे. आणि बिरू पायऱ्यांखालून, रानात मारतात तशी हाक:

"संतूऽऽ! ये बाळा, मामा आलाय तुजा!"

पाहुणे वळून बघायला लागले. संतोष धावत खाली आला. मला वाटलं, पाया पडेल. त्याने दांडकं काढलं आणि पायाशी होती त्या मेंढीच्या पाठीत घातलं. मागचे पाय गेले तिचे.

"आरं गाभण हाय ती, संतू!" म्हणत बिरूने हात मधे घातला. दुसरा रट्टा त्या हातावर. हाड मोडलेलं मी बाकावरून ऐकलं. तिसराही त्याच हातावर. मग बिरूने डाव्या हाताने काठी फिरवली आणि संतोषचं कपाळ फुटलं. कोण किंचाळलं कुणास ठाऊक, पण तेव्हा कुठे सगळे मोबाइल इकडे वळले.

गार्ड तुटून पडले. खाली पाडून बुटांनी पोटात, बरगडीत लाथा. पटका सुटून पायाखाली. कळपाच्या कुत्र्याने एका गार्डाची पोटरी धरली, त्याला काठ्यांनी ठेचलं. मी चप्पल काढली आणि संतोषच्या तोंडावर मारली. परत मारली. एका गार्डाचे केस धरून ओढले, मूठभर हातात आले. कुणीतरी मला ढकललं, गुडघे फुटलेत. दुखत नाहीत.

मेंढी कारंज्याच्या कडेला मेली. फरशी लगेच पाइप लावून धुतली.

१६ जाने.
दवाखाना. बिरूच्या मनगटाची दोन्ही हाडं गेली, रॉड टाकणार. दोन बरगड्या. बिरू भिंतीकडे तोंड करून पडलाय. सखू तशीच तापात आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, तुमी आता हितं येऊ नगा." मी दारात बसून राहिले.

दोन्हीकडून तक्रारी झाल्यात. संतोष म्हणतो, मामाने आधी काठी मारली. कपाळाला पाच टाके आहेत, ते दाखवतो. व्हिडिओ सगळ्या सांगलीभर फिरतोय, आणि तो सुरू होतो बिरूच्या काठीपासून. प्लाझाचा कॅमेरा म्हणे काल बंद होता. माझ्या डोक्यावर लाल दिवा लुकलुकत होता त्याचा!

१८ जाने.
घरात महाभारत. मी विचारलं, कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग कुणी पुसलं. संतोषने ताट भिंतीवर फेकलं. "लाखो रुपयांचा कार्यक्रम होता, आई! माझी नोकरी गेली असती!"

"मग मामाचा हात गेला तो चालला?"

"मामा म्हणून आला होता का तो? जनावरं घेऊन घुसला!"

जनावरं म्हणे. मी पाण्याचा तांब्या मारला, नेम चुकला, टीव्हीची काच तडकली. हे मधे उभे. रात्री मला हळूच म्हणतात, "अगं, तुझा चष्मा जुना झालाय. आधी कुणाचा हात उठला ते तुला नीट दिसलं नसेल." हाच माणूस पोरांना शिकवायचा, शिपायाने खोटं बोलू नये.

चष्मा चांगला आहे माझा.

२० जाने.
दुपारीच गेले प्लाझात. का गेले माहीत नाही. जिथे मेंढी पडली तिथे एक मुलगी फोटो काढून घेत होती.

बागेच्या झाडांतून दगड आले. गोफणीचे. बातमी ऐकून आलेले बिरूच्या गावचे मेंढपाळ, आठ-दहा जण. पहिल्याच दगडात दागिन्यांच्या दुकानाची काच वरपासून खालपर्यंत कोसळली. लोक मुलं उचलून पळाले. एका गार्डाच्या कानाला दगड लागला, रक्त मानेवरून शर्टात. दगड लागला तेव्हा खरं सांगते, बरं वाटलं मला. लय बरं वाटलं. मग तो आईला हाका मारायला लागला. पदर धरला त्याच्या कानाला. पोलिसांनी चौघांना धरून नेलं, बाकीचे उसात पळाले.

संतोष घरी येऊन म्हणाला, "बघितलंस तुझं माहेर?"

२३ जाने.
कराडहून व्याही आले. भला माणूस. चहा घेतला नाही. "ताई, मामा कोण उभा राहणार?" एवढंच विचारलं.

संतोष म्हणाला, "कुणीही राहील, आईचे चुलतभाऊ आहेत."

व्याही म्हणाले, "कुणीही कसा राहील? आणि केसचा निकाल लागल्याशिवाय मुलगी द्यायला मन होत नाही. आधी हात कुणी उचलला, तेवढं कळू द्या." होणारी सून पूजा चांगली मुलगी आहे. मला रोज फोन करायची, चार दिवस केला नाही.

चौकीतून निरोप आलाय. दोन्ही बाजूंनी साक्षीदार म्हणून माझंच नाव दिलंय. २७ ला अकरा वाजता जबाब.

२५ जाने.
बिरूला घरी सोडलं. घरी म्हणजे रानात, पालावर. मी गेले. सखूने या म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. पाणी दिलं. बिरू उजवा हात गळ्यात बांधून बसलेला. डाव्या हाताने भाकरी मोडता येत नव्हती, मी मोडून दिली. दोघंही रडलो मग.

म्हटलं, "बिरू, केस मागं घे. लग्न मोडतंय."

"न्हाई घ्यायचो, आक्का. मेंढी मेली, हात मोडला, त्याचं एवढं काय न्हाई मला. पर त्यानं मला वळखलं आन् मग मारलं. त्ये त्यानं चार माणसांत कबूल करावं."

"आणि नाही केलं तर?"

"तर केस चालंल. पर लग्नाला मी येनार. मामा हाय मी त्याचा, पाठीशी मीच हुबा राहनार. त्याला नको आसंल तर मांडवातनं हाणून काढंल मला. एक हात हाय आजून."

सखू चुलीकडे तोंड करून म्हणाली, "ह्या मानसाला अक्कल कवा यायची." 

२६ जाने.
झेंडावंदनाहून हे आले ते थेट झोपले. संतोष टाके काढून आला, कपाळावर लाल रेघ. बिरूचं बोलणं सगळं सांगितलं त्याला. लग्नाला येणार म्हटल्यावर मान खाली घातली. बराच वेळ नख कुरतडत बसला.

"आई, उद्या काय सांगणार तू?"

"तू आधी मला सांग. त्याने हाक मारली, ती तू ऐकलीस?"

वाटलं, नाही म्हणेल. गर्दी होती, गाणी लागली होती. नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता, देवाशपथ ठेवला असता.

"ऐकली," म्हणाला. "संतू म्हणाला ना सगळ्यांसमोर. म्हणूनच मारलं."

आणि रडायला लागला. मी उठले नाही. पोटचं पोर हुंदके देतंय आणि मी उठले नाही.

२७ जाने., सकाळ
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे चौकीत यायला तयार नाहीत. बी.पी. वाढलंय म्हणे.

संतोष आंघोळ करून तयार. युनिफॉर्म नाही, साधा शर्ट. "चल, मी सोडतो तुला." कुठपर्यंत सोडणार, गेटपर्यंत की आतही येणार, सांगत नाही. मीही काय बोलणार ते सांगितलं नाही. चष्मा तेवढा पुसून डोळ्यांवर चढवला.

खाली गाडी चालू करून हॉर्न वाजवतोय. परत वाजवला. आले रे बाबा.