बाबांचा उंच उंबरा

अल्बर्टा, ऑगस्ट

नेस्टरदादा, धाकटीचा नमस्कार.

युक्रेनहून आलेल्या आपल्या लोकांची जुनी घरं संग्रहालयात आणून मांडलीत, त्यात काल आपलं घर पाहिलं. चुना ताजा आहे. मी बरी आहे, फक्त आता चाकांच्या खुर्चीत असते. ती उंबऱ्याशी अडली.

आतल्या मुलीनं पाव पुढे केला. म्हटलं, "उंबऱ्यावरून देऊ नकोस गं, भांडणं लागतात."

"सगळ्यांना असाच देते, आजी!"

"मग रोज भांडत असाल."

ती हसत बाहेर आली, मग घेतला.

तुझे गुडघे दुखतात म्हणे, खरं का? वहिनीला आठवण सांग.

बाबा गेले तेव्हा तू किल्ली त्याच उंबऱ्यावरून माझ्या हातात दिलीस. त्यानंतर आपण बोललोच नाही. ये एकदा. मला आत जाता येत नाही, दोघं बाहेरच बसू.

तुझी स्टेफानिया