ताईचा पिवळा सेट

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून, आणि सावधगिरी म्हणून जरा मागे सरकून, नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? (थांबला असेल तर तो तुझ्या काढ्यानेच थांबला असं त्यांनी म्हणावं, घरात शांतता राहील.) आणि गुंड्या काय म्हणतोय? मागे तू म्हणाली होतीस की नातू हल्ली जेवायला बघत नाही, पोट दुखतं म्हणून कुरकुरतो, उगाच चिडतो, आणि हे सगळं त्याच्या आईच्या लाडाने होतंय. त्याबद्दल ओघात लिहीनच. पत्र घेऊन येणाऱ्या आमच्या चिरंजीवांना चहा दे, मात्र तो स्टीलच्या पेल्यातून दे. हातात फोन असताना याने पत्र का खरडलं, असं तुला वाटेल. फोन मी केला होता गं, बऱ्याचदा केला. पण तू पलीकडून "बोल" म्हणालीस की माझं बोलणं तिथेच संपतं. लहानपणापासून संपतं. काल रात्री मी तुझ्याकडची हवा कशी आहे एवढंच विचारून फोन ठेवला, तेव्हा ही शेजारी कपाळाला हात लावून उभी होती.

तर झालं असं. बबडीचं वजन काही वाढेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं. (बबडी म्हणजे आमची नात, जिचं नाक तुझ्यावर गेलंय असं तू म्हणतेस आणि आम्ही गप्प बसतो.) रक्तात शिसं निघालं. औषधाची वेळ आलेली नाही, पण हे घरातल्याच कशातून तरी पोटात जातंय, ते शोधा, बाहेर काढा, मग पुन्हा तपासू, असं बाई म्हणाल्या. जुना रंग, खेळणी, भांडी, गळ्यातल्या स्वस्त माळा, कशातही असू शकतं म्हणे. हे ऐकून आमची ही आणि सूनबाई, दोघींनी एकदम माझ्याकडे वळून बघितलं.

आता तुला माहीत आहे, मी रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करतो, आणि गॅलरीतल्या माझ्या टेबलावर डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, तारेचं रीळ असतं. त्या तारेत शिसं असतं हे मी स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगितलं. (हिचं म्हणणं, मला गप्प बसायचं तेव्हाच नेमकं ज्ञान सुचतं.) झालं! टेबल, तार, माझ्या पेट्या, सगळं त्याच दिवशी दुरुस्तीच्या दुकानात गेलं. मला दुकानातून आल्यावर बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, थेट मोरीत शिरून आंघोळ करायची, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, आणि एवढं करूनही बबडीला उचलायचं नाही, असा हुकूम सुटला. ती "आबा, आबा" करत हात वर करायची आणि मी हात पाठीमागे बांधून चोरासारखा उभा. कुणाला सांगू नकोस ताई, पण मोरीत पाणी सोडून मी रडलोय.

मग सूनबाईने तपासायच्या काड्या मागवल्या. काडी ओली करून वस्तूवर घासायची, लाल झाली की शिसं आहे. घराला जणू नवा छंद लागला. खिडकीच्या चौकटीवर लाल. चिरंजीवांच्या लहानपणच्या पत्र्याच्या आगगाडीवर लाल. किल्ल्यांच्या जुडग्यावर लाल, तेव्हापासून कुलूप उघडायला आम्ही हातमोजे घालतो. समोरचे निवृत्त हेडमास्तर सहज गप्पा मारायला आले, तर बोलण्याच्या ओघात हिने त्यांच्या पट्ट्याच्या बकलावर काडी घासली. पट्टा त्यांच्या कमरेलाच होता. ते हल्ली जिन्यात भेटले तरी पोटावर पिशवी धरतात.

भांड्यांवर संशय आला तेव्हा मात्र खरा गोंधळ झाला. कपबशा गेल्या, नक्षीच्या थाळ्या गेल्या, शेवटी स्टीलचीही भांडी उगाच धसका घेऊन पोत्यात भरली. मग पोरीला भरवायचं कशात? तेव्हा मीच छाती पुढे काढून काचेच्या कपाटातून तू दिलेला पिवळा सेट काढला. तुझा तो फुलांचा सेट, दुकानदाराला रडकुंडीला आणून तू दोन घेतलेस, एक आम्हाला, एक स्वतःला. आमच्याकडे तो फक्त पाहुण्यांसाठी निघायचा. ताई हलकी वस्तू आणायची नाही, हे आमच्या घरात पाठ आहे. त्याच्यावर काडी घासणं म्हणजे तुझ्यावर शंका घेणं, आणि तेवढी हिंमत या घरात कुणाच्यातच नाही. त्यामुळे बबडीचं दूध, खिमट, संत्र्याचा रस, सगळं दोन्ही वेळ त्यातूनच सुरू झालं. छोटा मग तर तिने आपलाच करून टाकला. पिण्याआधी ती त्यावरच्या फुलाचा पापा घ्यायची.

पुढच्या तपासणीत आकडा वाढला! सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, पण तोवर मी इतका घासूनपुसून निघालो होतो की माझ्यावर आळ घ्यायला जागाच उरली नव्हती. सूनबाई नुसती पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिली. ते मला बघवलं नाही.

आणि काल दुपारी बबडीने काडी पळवली. मोठी माणसं इतके दिवस तेच करताना तिने बघितलेलं, मग तिनेही सुरू केलं. बाहुलीच्या पोटावर घासली, माझ्या गुडघ्यावर घासली, आम्ही हसत होतो. मग तिने आपल्या मगाच्या फुलावर घासली आणि काडी लाल झाली. मी म्हटलं, काडीच खराब आहे. दुसरी घेतली, लाल. बशीवर घासली, लाल. मग पोत्यातून एक स्टीलचा पेला काढून त्यावर घासली, तर काही नाही. मी तरीही ताईची बाजू घेऊन काहीतरी पुटपुटत होतो, तेव्हा सूनबाईने शांतपणे मग माझ्या हातातून काढून घेतला.

तर असा हा प्रकार. पहिलं शिसं चौकटीच्या रंगातून गेलं असावं आणि वाढलं ते या मगातून, असं घरात ठरलं, त्यामुळे मला आता बबडीला उचलायची परवानगी आहे आणि कालपासून मी तिला खालीच ठेवलेलं नाही. बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही राहावा.

तुझा (अजून तरी) धाकटा भाऊ

ता. क. तुला दोष देत नाही. दुकानदाराने तुला फसवलं. तुला कुणी फसवू शकतं हे मलाही पटायला रात्र गेली.

ता. क. पुन्हा. तुझ्याकडचा सेट तू कपाटात ठेवत नाहीस, वस्तू वापरायला असतात म्हणतेस. गुंड्याचं दूध त्याच मगातून जातं ना? त्याची भूक, ते पोट, ती चिडचिड, हे आईच्या लाडाने होत नसेल गं. त्याचं रक्त आजच तपासून घे. माझ्यावर रागव, वर्षभर अबोला धर, पण आधी त्याला घेऊन जा. मग सावकाश रागव.

ता. क. शेवटचं. चिरंजीव सहज भेटायला आलेत असं तुला सांगतील, ते खोटं आहे. त्यांच्या खिशात काड्यांचं पाकीट आहे. तू चष्मा पुसत इथपर्यंत पोचलीस म्हणजे ते एव्हाना तुझ्या स्वयंपाकघरात शिरले असतील. त्यांना ओरडू नकोस, काडीकडे बघ. सेट वरच्या फळीवर जपून ठेवू नकोस, त्यात रोपंही लावू नकोस, तुला ओळखतो मी. आणि दवाखान्यातून आलीस की फोन कर. मी उचलीन, पण या वेळी "बोल" म्हणू नकोस. तूच बोल.