खुडलेला शेंडा

३ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. शिवायला आलेल्या गणवेशांचा ढीग माझी वाटच बघत होता.

तुझी प्रयोगाची खोली पाहून बरं वाटलं. पण कोपऱ्यातल्या त्या एकट्या वाटाण्याकडे तुमचं कुणाचंच लक्ष नाही वाटतं. नुसता उंच, किडकिडीत, थेट तुझ्यासारखा. तू फोनवर होतीस तेवढ्यात मी त्याचा शेंडा नखाने खुडला. आता बघ कसा भरघोस फुटतो! आभार मानायची गरज नाही.

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहेच, पण त्याने पोट भरत नाही.
तुझी मावशी

८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. रागात लिहिलेली दोन पत्रं फाडली, हे तिसरं.

वाटाण्याचा शेंडा कधी फुलत नाही, मावशी. तो वाढतच राहतो आणि फुलं खाली, पानांच्या बगलेत येतात. शेंड्याला ‘तू फुलू नकोस’ असं बजावणारा एक जनुक असतो. तो जनुक बिघडलेलं रोप मी तीन वर्षं शोधतेय. त्यासाठी पेरलेल्या बियांमधलं एकच उगवलं, कोपऱ्यातलं. शेंड्यावर फूल आलं असतं तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं. आता बगलेतले कोंब फुटले तर फुटले. रोप मान टाकून बसलंय. ते गेलं तर माझी तीन वर्षंही गेली.

कुणी खुडला, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं. माझ्याच हातून झालं, असं मी सांगितलं. तुझं नाव घ्यायला जीभ रेटेना.

लोभ आहे तसाच आहे, पण थोडे दिवस राग राहू दे.
ठकी

१४ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं आणि मशीन बंद करून बसून राहिले. सुटा दोरा दिसला की कापायचा, शेंडा दिसला की खुडायचा, यातच जन्म गेला. तुला आधी विचारायला हवं होतं. फार वाईट वाटतंय गं.

सरांना माझं नाव सांगून टाक. मला कोण नोकरीवरून काढणार आहे? तुझ्या माथी मात्र नको. त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.

हवा तितका राग धर, पण पत्र धाडत जा.
मावशी

२६ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. रोप तगलं! बगलांतून पाच फांद्या फुटल्या आणि परवा पाचवीच्याही शेंड्यावर फूल उमललं. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. एकच फूल असतं तर सर योगायोग म्हणाले असते. पाचांपुढे बोलायला त्यांना जागाच उरली नाही.

मग मी तुझं नाव सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, आता तुलनेसाठी साध्या रोपांचेही शेंडे खुडून बघू. रोपं तयार आहेत, मावशी, आणि कालपासून मी त्यांच्यासमोर नुसती उभी राहून परत येते. हात धजत नाही. तू येतेस?

येताना लोभ आण, कात्री नको. तुझं नखच पुरे.
तुझी ठकी