परत गाडीत बसलेला इंग्रज

अण्णा, तुम्हाला एक विचारायचंय. तुमची नात सतराची झालीय आणि तिला शर्यतीची गाडी चालवायचीय. कोइमतूरला शिकवतात. तिची निवडही झाली, आता फॉर्मवर माझी सही तेवढी पाहिजे, आणि चार दिवस मी 'उद्या बघू' म्हणून टाळतेय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण तुम्ही काय म्हणाला असता ते ऐकू येतं, "पोरगी चाललीय तर जाऊ दे की, तुझं काय जातंय?" माझं सगळंच जातंय, अण्णा.

आणि हे करून ठेवलंय कुणी? मीच. येरमाळ्याच्या आपल्या गॅरेजात जीपचा गिअरबॉक्स तुमच्या उजव्या हातावर पडला, तेव्हा मी आठवीत होते. तुम्ही दिवसदिवस बाजेवर, भिंतीकडं तोंड करून. "आता पाना धरता यायचा न्हाय," एवढंच बोलायचा. कुठल्याशा पार्टाला गुंडाळून इंग्रजी मासिकाचं एक पान आलेलं, त्यावर हेल्मेट काखेत धरलेला इंग्रज ड्रायव्हर. "वाच गं, कोण हाय ह्यो?" मी शब्द लावत लावत वाचतेय. बापाच्या गॅरेजात वाढला, शर्यतीत उतरला, लई नाव काढलं. मग गाडी उलटली, हात मोडला. आणि पुढं लिहिलेलं, की तो परत कधी गाडीत बसला नाही. मी तुमच्या पाठीकडं बघितलं आणि म्हणाले, "सहा महिन्यांनी परत बसला, अण्णा. पहिला आला!" तुम्ही कुशीवर वळलात. "व्हय? मोडक्या हातानं?" दुसऱ्या दिवशी डाव्या हातात पाना घेऊन तुम्ही गॅरेजात हजर.

मग काय, दर खंडेनवमीला पाने, जॅक आणि त्यांच्या शेजारी तो इंग्रज, सगळ्यांना झेंडूचा हार. एका ट्रकवाल्यानं फोटोला हार बघून हात जोडले, "कधी गेले हो?" कसले भडकलात तुम्ही! "गेला न्हाय, जिता हाय! तुझ्या ट्रकलाबी हार घातलाय, ट्रक मेला का?" नातीला मांडीवर घेऊन त्याची गोष्ट सांगायचा आणि दर वेळी त्याला एक शर्यत जास्तीची जिंकून द्यायचा. म्हणजे थापा मारण्यात मी तुमचीच लेक.

परवा तिनं मोबाईलवर त्याला शोधून काढलं. "आई, ह्यानं तर नंतर गाडीच चालवली न्हाय." माझं तोंड एवढंसं झालं. सांगून टाकलं सगळं. ती खो खो हसायला लागली. "लई खोटारडी हायस तू. पण आजोबा तर उठले की!" आणि फॉर्म पुढं सरकवला.

हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर? राहू दे कपाटात. एक सांगते, रागावू नका. तुम्हाला विचारायला म्हणून बसले खरी, पण सही मी सकाळीच केलीय. तुम्ही चुकूनमाकून नको म्हणालात तर, याची भीती वाटली.